मृगातला लाल रंग: आकाशाच्या फोटोंसाठी कलर फिल्म कशी पारखावी

फिल्म घेताना पहिली नजर आयएसओवर, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्यावर जाते, पण तो आकडा सेकंदाच्या अंशांतल्या एक्स्पोजरपुरता (फिल्मवर प्रकाश पडू देण्याच्या वेळेपुरता) खरा. कित्येक मिनिटांच्या एक्स्पोजरला प्रत्येक फिल्म मंदावते. याला रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणतात. म्हणून दहा मिनिटांत ४०० ची फिल्म १०० च्या मागे पडू शकते. तीन रंगथरही सारखे मंदावत नाहीत, त्यामुळे आकाश हिरवट किंवा जांभळट उतरतं.

दोन-तीन प्रकारच्या स्लाइड फिल्मचा (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) एकेक रोल घ्या. निगेटिव्ह नको, कारण स्कॅनर रंग आपोआप सुधारतो आणि नेमका दोष झाकतो. फुजीच्या मते प्रोव्हिया १००एफला १२८ सेकंदांपर्यंत भरपाई, म्हणजे जादा एक्स्पोजर, लागत नाही. कोडॅकची एकटाक्रोम ई१०० २०१८ पासून पुन्हा निघते. ई-६ (स्लाइड फिल्म धुण्याची पद्धत) करणारी लॅब आधी ठरवा.

पहिली चाचणी मुंबईतल्या घरातच होते. रात्री पडदे लावा, पंखा बंद करा, ट्रायपॉडवरून ग्रे कार्डाचा (प्रमाण राखाडी रंगाच्या पुठ्ठ्याचा) फोटो घ्या. दिव्याचा उजेड भिंतीवरून परतवून इतका मंद ठेवा की आयएसओ १०० ला मीटर एफ/२ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि १ सेकंद दाखवेल. (४०० च्या फिल्मला दोन स्टॉप आणखी मंद; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट.) मग फ्रेम घ्या: एफ/२ ला १ सेकंद, एफ/४ ला ४, एफ/८ ला १६, एफ/१६ ला ६४. चारही वेळा फिल्मवर प्रकाश तितकाच पडतो. शेवटी ६४ सेकंदच ठेवून एफ/११ आणि एफ/८. धुतल्यावर लाइटबॉक्सवर पाहा: पहिल्या फ्रेमशी एफ/११ ची जुळली तर फिल्म एक स्टॉप मंदावली, एफ/८ ची जुळली तर दोन.

दुसरी चाचणी लाल रंगाची. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर असतो आणि बऱ्याच फिल्मच्या लाल थराची संवेदनशीलता तिथेच ढासळते. हिवाळ्यात, अमावस्येच्या आसपास मुंबईच्या पूर्वेकडच्या वांगणीला जा. ट्रॅकरवर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) ५० मिमी लेन्स, एफ/२.८, मृग नक्षत्र, ४, ८ आणि १६ मिनिटं. मृग पश्चिमेला कलण्याआधी आटपा, तिकडे मुंबईचा उजेड आहे. एम ४२ या मृगातल्या तेजोमेघावरून निवाडा करू नका, तो तेजस्वी आहे आणि निळा-हिरवा प्रकाशही देतो, त्यामुळे लाल रंगाला कच्ची फिल्मही त्यात पास होते. बर्नार्डचं वलय (मृगाभोवतीची हायड्रोजनची फिकट लाल कमान) उमटलं तरच फिल्म लाल रंगाला चांगली. ताऱ्यांमधला काळोख राखाडी झाला, की त्या जागेची मर्यादा तिथे आली.

शटरला यांत्रिक ‘बी’ (बटण दाबून असेपर्यंत शटर उघडं) असलेलं बरं. इलेक्ट्रॉनिक शटर उघडं ठेवण्यात बॅटरी संपते. रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण डबी बाहेर काढल्यावर दोन तास उघडू नका. मुंबईच्या दमट हवेत गार फिल्मवर लगेच पाणी धरतं.

प्रत्येक रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घ्या आणि लॅबला ‘कापू नका’ असं लिहून द्या. काळ्या फ्रेमच्या कडा दिसत नाहीत, मग कात्री नेमकी मृगाच्या मधून जाते.