जुनी चूल बदलण्यापूर्वी आणि धुराड्याच्या दुरुस्तीपूर्वी करावयाची तयारी

नागपुरातील महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांमधील कवेलूंच्या (मातीच्या कौलांच्या) घरात लाकडाची चूल आणि विटांचे धुराडे अजून वापरात असेल, तर दोन्हींचे काम दसऱ्याच्या सुमारास, पाऊस पुरता ओसरल्यावर काढावे. त्या दिवसांत कवेलू उतरवून ठेवता येतात, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत आतपर्यंत वाळते आणि अंघोळीचे पाणी तापवण्याचे दिवस येण्याआधी चूल तयार होते. काम चालू असेपर्यंत स्वयंपाकाची पर्यायी सोय आधीच करून ठेवावी.

नवी चूल आधी विकत घेऊन मग धुराड्याकडे पाहणे मला योग्य वाटत नाही. धुराड्याच्या आतील पोकळीचे माप घेतल्याशिवाय चुलीची निवड करू नये, कारण ती पोकळी चुलीच्या धूरनळीपेक्षा अरुंद असेल तर धूर घरातच फिरतो. कामाच्या किमान दोन दिवस आधी चूल विझवावी. राखेखाली निखारे दीर्घकाळ धुमसत राहतात, म्हणून ती राख पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत न भरता झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून अंगणात ठेवावी.

काजळी काढताना चुलीचे तोंड ओल्या पोत्याने बंद करावे, नाकातोंडाला मास्क लावावा आणि दोरीला वजन व खराटा बांधून वरून खाली सोडावा. निघणारी काजळी नीट पाहणे फार महत्त्वाचे आहे. ती कोरडी आणि भुरभुरीत असेल तर काळजीचे कारण नाही. परंतु विटांवर डांबरासारखा चकचकीत, कठीण थर बसला असेल, तर आजवर ओली लाकडे जळत आली आहेत असे समजावे. हा थर स्वतःच पेट घेऊ शकतो आणि धुराड्यातली आग लगतच्या सागवानी वाशांपर्यंत पोहोचू शकते, म्हणून जाणत्या माणसाकडून तो खरवडून काढल्याशिवाय पुढचे काम करू नये. जुनी नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल, तर ती कापू वा फोडू नये. पाण्याने भिजवून अखंड उतरवावी आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावी.

यानंतर थोडे ओलसर गवत चुलीत पेटवून धुराड्याचे वरचे तोंड क्षणभर झाकावे. ज्या सांध्यांतून धूर झिरपतो तेथे खडूने खूण करावी, म्हणजे गवंड्याला नेमके काम दाखवता येते. ही चाचणी करताना खिडक्या-दारे उघडी ठेवावीत. ओळंबा लावून धुराडे झुकले आहे का तेही पाहावे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावरचे धुराडे हळूहळू कलते, आणि तसे असेल तर वरवर दर्जा (विटांमधील सांधे) भरून उपयोग होत नाही.

सामान आणताना सर्वांत जास्त चूक होते ती सिमेंटच्या बाबतीत. साध्या सिमेंटमधील चुना सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसला विघटित होतो आणि सांधे भुसभुशीत होतात. म्हणून आगीला लागून असलेल्या भागासाठी फायर ब्रिक (आग सोसणारी वीट) आणि फायर क्ले (ती जोडण्याची उष्णता सोसणारी माती) आणावी. फायर क्लेवर सिमेंटसारखे पाणी मारायचे नसते, ती सावलीत हळूहळू वाळू द्यावी लागते, हे गवंड्याला आधी सांगावे. चुलीलगतच्या नळीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण जस्त 419 अंशांना वितळते. जाड काळा लोखंडी किंवा स्टेनलेस पत्रा घ्यावा. उघडी नळी वासे-पाट्यांपासून किमान दीड फूट दूर राहावी, आणि वरच्या तोंडाला पावसाची टोपी बसवावी.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा असेल, तर चूल पेटलेली असताना तो बंद ठेवण्याचे ठरवावे, कारण तो धूर आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत उलटा ओढतो. थंडीच्या रात्री खिडकी बंद करून चूल धगधगत ठेवू नये. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक कमी राहतो व धुराडे सुरुवातीला ओढत नाही. अशा वेळी आधी थोडा कागद जाळून धुराडे तापवावे.

नागपुरातील लाकडाच्या बाजारातून, लकडगंजमधून, लाकूड घेतल्यास ते लगेच वापरात न घेता फोडून, आडोशाला मोकळ्या हवेत काही महिने रचून ठेवावे. बांधकाम वाळल्यावर पहिले काही दिवस काटक्यांचा मंद जाळच करावा, कारण विटांत उरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली तर नव्या चुलीला पहिल्याच आठवड्यात तडे जातात.