कागदाचं कासव सपाट काऊन दिसते? लेयरवाल्या पेपरकटमधल्या या चुका टाळा

लेयरवालं पेपरकट म्हणजे आकार कापलेले रंगीत कागदाचे थर एकामागं एक लावून केलेलं चित्र. दोन-दोन दिवस बसून कापलं, चिकटवलं, भिंतीवर लावलं, आणि लांबून पाहिलं तर नुसते रंगीत कागद एकावर एक डकवल्यासारखे. बहुतेक वेळा कारण एकच, थरांच्या मधात सावली पडायला जागाच ठेवली नाही. या कामात खोली रंगापेक्षा सावलीनं जास्त येते. प्रत्येक थरामागं फोम टेप (स्पंजसारखी जाड चिकटपट्टी) लावा, तालुक्याला नाही मिळाली तर जुन्या जाड लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून दोन-तीन एकावर एक चिकटवा, मी तर अजूनही त्याच वापरतो. पट्टी कापलेल्या काठापासून 5-6 मिमी आत ठेवा, नाहीतर बाजूनं दिसते.

सगळ्या थरांवर एकच आकार ट्रेस करणं ही दुसरी मोठी चूक. समोरच्या थराचं भोक सगळ्यात मोठं, मागं जाता जाता ते लहान होत गेलं पाहिजे, तेही लाटेसारखं कुठं जास्त कुठं कमी. 5-6 थर पुरे. रंग फिक्याकडून गडदाकडे न्या किंवा उलट, पण मधातच दिशा बदलू नका.

आता समुद्राच्या चित्रातल्या प्राण्यांचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त वाईट इथंच वाटते. आपल्या गावाकडं समुद्र नाही, तळं आहे, म्हणून हात आपोआप तळ्यातलं कासव काढते, नखं असलेले पाय अन आत ओढलेली मान. समुद्री कासवाला वल्ह्यासारखे पर असतात, पुढचे मागच्यापेक्षा बरेच लांब, आणि त्याला डोकं पाठीत ओढून घेता येत नाही. तसंच देवमाशाचं अन डॉल्फिनचं, त्यांची शेपटी आडवी असते, रोहू-कतल्यासारखी उभी नाही, म्हणून बाजूनं काढलेल्या देवमाशाला उभी शेपटी लावली की तो मासाच होऊन बसते. ऑक्टोपसचे हात मोजून 8 काढा, एखादा दुसऱ्या थराच्या मागं लपवला तर लईच जिवंत वाटते. कापायच्या आधी खरे फोटो पाहा, कार्टून पाहून कार्टूनच निघते.

डोळ्याचा गोल कापला की मधली बाहुली गळून पडते, म्हणून तिला एका बाजूनं थोडा कागद जोडलेला ठेवा नाहीतर ती मागच्या थरावर वेगळी चिकटवा.

कागद 180 ते 220 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या, 80 चा झेरॉक्सचा कागद गोंद लागताच वाकते. आणि मे महिन्यात कूलरच्या समोर बसून हे काम करू नका, गरमी होते हे मान्य, पण त्या ओल्या हवेनं कागदाची कडा वळते, उडते ते वेगळंच. कूलर बंद करून सकाळी लवकर बसा. फेव्हिकॉल काडीनं अगदी पातळ लावा.

कडेला कागदाचे रेशे निघाले म्हणजे कटरचं ब्लेड बोथट झालं, टोक तोडा किंवा ब्लेड बदला. वळणावर हात नाही, कागद फिरवा. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची रेघ शेवटी. फरशीवर किंवा काचेवर कापू नका, धार जाते, कटिंग मॅट (कापताना खाली ठेवायची चटई) नसेल तर जाड पुठ्ठा चालते.

चिकटवायच्या आधी सगळे थर पट्ट्यांसकट नुसते रचून घ्या अन मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं तिरपा धरा, रात्री लाइट गेली असेल तर अजून चांगलं. जिथं सावली पडत नाही तिथं एक पट्टी वाढवा.