छोटी लक्झरी एसयूव्ही आतून पारखताना या चुका टाळा

या गटातील गाडी पाहायला गेलेल्या बहुतेकांची पारख चालकाच्या सीटवर सुरू होते आणि तिथेच संपते. मऊ डॅशबोर्ड, मोठा स्क्रीन आणि दारांवरचा रंगीत प्रकाश पाहून मन बसते, मग मागच्या सीटवर क्षणभर टेकून ‘जागा भरपूर आहे’ असे ठरवून टाकले जाते. चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज-बेंझ जीएलए, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जाणारी ऑडी क्यू३ आणि चेन्नईतून येणारी बीएमडब्ल्यू एक्स१ या तिन्ही गाड्या पुढच्या सीटवर बसल्यावर सुखावतात. त्यांच्यातला खरा फरक कळतो तो मागच्या सीटवर, डिक्कीत आणि रोज हाताला लागणाऱ्या बटणांत.

मागच्या सीटची सर्वांत मोठी चूक पुढच्या सीटपासून सुरू होते. शोरूममधील गाडीची पुढची सीट बरेचदा पुढे सरकवलेली असते, त्यामुळे मागे बसणाऱ्याला गुडघ्यापुढे ऐसपैस जागा दिसते. घरातील सर्वांत उंच चालकाने आधी स्वतःची सीट लावून घ्यावी आणि ती सवयीप्रमाणे खाली घेत असल्यास तशीच खाली घ्यावी, कारण सीट खाली गेली की मागच्या प्रवाशाचे पाऊल तिच्याखाली सरकेनासे होते. त्यानंतरच तिच्यामागे बसावे. व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतराच्या, आकड्यावरही विसंबून चालत नाही. जीएलएचा व्हीलबेस २,७२९ मिलिमीटर, एक्स१चा २,६९२ आणि दुसऱ्या पिढीच्या क्यू३चा २,६८०. पण जीएलएचा आकडा मोठा म्हणून तिची मागची सीटही सर्वांत आरामशीर असेल, असा हिशेब करू नये.

गुडघ्याला जागा असूनही प्रवास त्रासाचा होतो, त्याचे कारण बहुधा मांडीला न मिळणारा आधार हे असते. गाडीचा तळ उंच आणि सीट आखूड असली की गुडघे वर येतात आणि शरीराचा सगळा भार कमरेखाली येतो. मुंबईहून नाशिकला जाताना हे तासाभरात जाणवू लागते, शोरूममध्ये मात्र पाच मिनिटांत कळत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. नेहमीसारखे टेकून बसावे आणि सीटच्या पुढच्या कडेपाशी मांडीखाली तळहात घालून पाहावा. हात अडल्याशिवाय आत गेला, तर तिथे आधार नाही असे समजावे. घरात वयस्कर आई-वडील असतील तर त्यांना सोबत न्यावेच आणि पाय उंबरठ्यावरून आत घेताना त्यांना काय करावे लागते ते पाहावे. मधल्या जागेवरही कोणाला तरी बसवून पाहावे. फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही मधला उंचवटा असतो, कारण तोच सांगाडा चारही चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीसाठी वापरलेला असतो.

डिक्कीच्या बाबतीत लोक आकड्यावर फसतात. लिटरमधील क्षमता प्रचलित जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. हे ठोकळे ज्या कोपऱ्यांत बसतात, तिथे सुटकेस बसत नाही. दुसऱ्या पिढीच्या क्यू३ची मागची सीट पुढेमागे सरकते आणि त्यानुसार डिक्की ५३० ते ६७५ लिटर भरते. मोठी डिक्की आणि पाय पसरायला जागा या दोन्ही गोष्टी तिथे एकाच वेळी मिळत नाहीत, हे जाहिरात वाचताना लक्षात राहत नाही. घरातील मोठी बॅग सोबत नेऊन ती ठेवून पाहावी आणि स्टेपनी कुठे आहे हे विचारावे. काही लक्झरी गाड्यांत ती तळाखाली मावत नाही, डिक्कीतच ठेवावी लागते आणि डेमो गाडीतून काढून ठेवलेली असू शकते.

स्क्रीनचा आकार पाहून भुलणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सध्याच्या एक्स१मध्ये बीएमडब्ल्यूने स्क्रीन चालवण्यासाठीचे फिरवायचे जुने बटण काढून टाकले आणि एसीची बहुतेक कामे स्क्रीनवर नेली. दुसऱ्या पिढीच्या क्यू३मध्ये एसीसाठी स्वतंत्र बटणे आहेत. पावसाळ्यात घाट चढताना समोरची काच धुरकटली की नजर रस्त्यावरून न काढता डीफॉगर लावता येणे ही चैन नसून सुरक्षिततेची बाब आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा मूलभूत कामांसाठी प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. म्हणून गाडी उभी असताना नजर समोर ठेवून एसी दोन अंश कमी करावा, डीफॉगर लावावा, आवाज घटवावा आणि प्रत्येक वेळी मान किती खाली जाते ते पाहावे.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर मर्सिडीजचे आर्टिको किंवा बीएमडब्ल्यूचे सेन्साटेक ही कृत्रिम आवरणे खरे कातडे नसली तरी टिकाऊ असतात. तपासायचे ते डॅशबोर्डचा खालचा भाग, दाराचा कप्पा आणि सीटचे रूळ, कारण कंपन्या खर्च तिथे वाचवतात. डेमो गाडी बहुधा वरच्या व्हेरिएंटची असते, त्यामुळे स्वतःच्या व्हेरिएंटचे कापड आणि रंग बुकिंगपूर्वी पाहावेत. क्रेटा किंवा सेल्टॉसच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये थंड हवेच्या सीट मिळतात म्हणून त्या इथेही असतीलच असे गृहीत धरू नये. उन्हात उभ्या असलेल्या, मोठ्या काचेचे छप्पर असलेल्या गाडीत दुपारी बसून मागची बाजू थंड व्हायला किती वेळ लागतो, हेही पाहावे.

गाडी घेतल्यानंतर आतून खडखड येऊ लागली, तर सर्व्हिस सेंटर गाठण्यापूर्वी दारातील बाटल्या, कप्प्यातील चष्मा आणि डिक्कीतील सामान काढावे, मागचे बेल्ट लावून ठेवावेत, सीटची पाठ खटक्यात नीट बसली आहे का ते पाहावे आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जावे. आवाज राहिलाच, तर शेजारी बसलेल्याने एकेक पॅनेल हाताने दाबून जागा शोधावी आणि सर्व्हिस सल्लागाराला त्याच रस्त्यावर सोबत न्यावे, कारण केवळ वर्णनावरून असे आवाज सापडत नाहीत.

नवी सीट मळू नये म्हणून बाजारातील जाड कव्हर चढवण्याची घाईही टाळावी. या गाड्यांच्या पुढच्या सीटच्या कडेत एअरबॅग असते आणि घट्ट शिवलेले कव्हर ती फुगताना अडथळा ठरू शकते. एअरबॅगचे लेबल जिथे आहे ती कड मोकळी ठेवणारे किंवा गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेले कव्हरच घ्यावे, नाहीतर सीट उघडीच वापरावी.