लोखंडी कोट स्टँड: पहिल्या नमुन्यापासून शंभर सारख्या नगांपर्यंत

पाइपचा तुकडा, सळईचे सहा हुक आणि तळाला एक प्लेट घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलात, तर संध्याकाळपर्यंत कोट स्टँड तयार मिळेल आणि तो नीट उभाही राहील. अडचण येते ती तसेच पन्नास करायला घेतल्यावर. एक डावीकडे कललेला निघतो, दुसऱ्याचा हुक खाली बसतो, तिसरा खोक्यात मावत नाही. पहिल्या नगात कारागिराने हाताने जे सांभाळून घेतलेले असते, ते कागदावर कुठेच आलेले नसते. म्हणून खाली दिलेली मापे पाइपच्या लांबीपासून रबरी बटणापर्यंत सारखेच नग निघावेत या हिशोबाने ठरवली आहेत.

१. आधी भार ठरवा

आपल्याकडे या स्टँडवर कोट क्वचितच येतो. जून ते सप्टेंबर त्यावर ओले रेनकोट, हेल्मेट, छत्र्या आणि डब्याच्या पिशव्या असतात, आणि एरवी लॅपटॉपची जड सॅक. एका हुकावर रोजचे ५ किलो धरा आणि हुक १० किलोसाठी बनवा. सगळे वजन एकाच बाजूला येणार हेही गृहीत धरा, कारण भिंतीकडचे हुक कोणी वापरत नाही.

२. तळ: इथे घाई नको

स्टँड पडतो की उभा राहतो हे दोन गोष्टींवर ठरते: एकूण वजन, आणि मध्यापासून पालथा होण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर. तीन पायांचा तळ फरशीवर डुगडुगत नाही म्हणून तो बरा वाटतो. पण तो उलटतो दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवर, आणि ती रेषा मध्यापासून पायाच्या लांबीच्या निम्म्यावर असते. पाय २५० मि.मी. असले तरी हिशोबाला १२५ च मिळतात. चार पायांत लांबीच्या ०.७१ पट मिळते, सहा टेकूंत ०.८७ पट.

आता आकडे मांडू. ३६० मि.मी. व्यासाचा, १२ मि.मी. जाडीचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) गोल तळ मधल्या बॉससकट (खांब बसतो त्या उंचवट्यासकट) सुमारे ९ किलो भरतो. पाइप, हुक धरून पूर्ण स्टँड १२ किलोच्या आसपास. तळाखाली कडेला, १७० मि.मी. त्रिज्येवर सहा रबरी बटणे बसवली, तर पालथे होण्याचे अंतर १४७ मि.मी. येते. हुकाचे टोक मध्यापासून १३६ मि.मी. वर ठेवले की टांगलेला भार या रेषेच्या आतच राहतो, म्हणजे नुसत्या वजनाने स्टँड कधीच पडणार नाही. राहिला आडवा ओढा. एकाच हुकावर १० किलो असताना, १७०० मि.मी. उंचीवर सुमारे १.१ किलोचा ओढा लागेपर्यंत स्टँड टिकतो. २५० च्या तीन पायांचा ६ किलोचा हलका स्टँड याच परीक्षेत ०.४ किलोलाच उलटतो, म्हणजे बाही अडकली तरी पुरे. घरात लहान मूल असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: व्यास ४०० घ्या. वजन दोन किलोंनी वाढेल, पण रिकामा स्टँड पाडायला १ ऐवजी सुमारे १.४ किलोचा ओढा लागेल.

बरेच जण तळाची कड जाड करून मधला भाग पातळ करतात, वजन बाहेर गेले की स्टँड जास्त स्थिर होतो या समजुतीने. वजन आणि व्यास तेवढेच असतील तर त्याने पडण्यात काहीच फरक पडत नाही. पॅटर्नचा, म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्याचा, खर्च मात्र वाढतो.

३. पाइप: कापण्याचा हिशोब डिझाइनच्या आधी

बाहेरून ३२ मि.मी., जाडी १.६ मि.मी. (सोळा गेज) असा सी.आर. (थंड रोल केलेल्या पत्र्याचा) पाइप घ्या. वजन मीटरला १.२ किलो. पाइप ६ मीटरचा येतो. अखंड १७०० चा खांब धरला तर तीन खांब निघतात आणि ९०० मि.मी. भंगारात जाते. शिवाय एवढे लांब खोके दुचाकीवर नेता येत नाही.

त्याऐवजी खांब ८०० मि.मी.च्या दोन तुकड्यांचा आणि त्यावर हुकांचे ९० मि.मी.चे वेगळे डोके असा करा. एका पाइपमधून ८०० चे सात आणि ९० चे चार तुकडे निघतात: ५६०० अधिक ३६०, आणि अकरा काप प्रत्येकी २.५ मि.मी. धरून २७.५. उरतात साडेबारा मि.मी., ते टोकाची खराब कड उडवायला जातात. दोन पाइपांत सात स्टँड होतात आणि एक डोके जास्तीचे राहते. ते हुक तोडून बघायच्या चाचणीला वापरा. दुकानातून आलेला पाइप कापण्याआधी मोजा. १० मि.मी. जरी कमी भरला तरी शेवटचे डोके हातचे जाते.

४. सांधे

पाइपच्या टोकांत २५ मि.मी. लांबीचे, मधून एम१० चे (१० मि.मी. बोल्टचे) आरपार आटे पाडलेले गोल बूच वेल्ड करायचे. एका स्टँडला पाच लागतात: दोन्ही तुकड्यांच्या दोन्ही टोकांना आणि डोक्याच्या खालच्या टोकाला. डोक्याच्या वरच्या टोकाला शेवटी प्लॅस्टिकची कॅप दाबून बसवा.

हिशोबाने पाइपचा आतला व्यास २८.८ येतो, म्हणून बूच २८.७ चे केले जाते आणि ते आत जातच नाही. या पाइपला आतून वेल्डिंगची उभी शिवण असते आणि बूच तिथे अडते. ठोकून बसवले तर वाकडे बसते. बुचाच्या बाजूला कानशीने एक सपाटी काढा, शिवण त्या जागेत मावेल. मोठ्या ऑर्डरला आतली शिवण काढलेला पाइप मागा.

वेल्ड झाल्यावर प्रत्येक टोक लेथवर फेस करा, म्हणजे तोंड सरळ सपाट कातून घ्या. इथे हात आखडता घेऊ नका. ३२ मि.मी. व्यासाच्या तोंडावर ०.२ मि.मी.चा तिरकेपणा राहिला तर ८०० मि.मी. वर तो ५ मि.मी. होतो, आणि तळाच्या सांध्यात राहिला तर स्टँडच्या शेंड्याला साडेदहा मि.मी. होतो. दाराच्या चौकटीशेजारी उभा केला की एवढा कल कोणालाही दिसतो. कटरने कापलेले तोंड गुण्यात (काटकोनात) असेल असे धरून चालू नका. ज्याच्या स्पिंडलमधून ३२ चा पाइप आत जातो, असा लेथ गाठा.

तुकडे एकमेकांना जोडायला एम१० चा ४० मि.मी. स्टड वापरा, प्रत्येक बुचात २० मि.मी. जाईल असा. वरच्या तुकड्यातला स्टड थ्रेड लॉकर (आटे घट्ट चिकटवणारे द्रावण) लावून कायमचा बसवून द्या. मोकळा ठेवला तर ग्राहक पाइप फिरवताना तो एका बाजूला पूर्ण आत जातो आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम चार आटे धरतात. तळाला खालून एम१० × ४० चा ॲलन बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर. सगळीकडे एकच आटे असल्याने खोक्यात ८ मि.मी.ची एकच ॲलन की पुरते.

५. हुक

सळई १० मि.मी.ची. ८ ची घ्यायचा मोह होतो, म्हणून हिशोब करून बघा. पाइपपासून १२० मि.मी. वर १० किलो टांगले तर १० च्या सळईत सुमारे १२० मेगापास्कल ताण येतो. साध्या लोखंडाची वाकण्याची मर्यादा २५० च्या आसपास, म्हणजे दुप्पट जागा हातात राहते. ८ च्या सळईत तोच ताण २३४ वर जातो. सहा हुकांत वाचते जेमतेम पाव किलो लोखंड आणि पहिल्याच पावसाळ्यात हुक माना टाकतात.

हुक पाइपच्या भिंतीवर नुसता टेकवून वेल्ड करू नका, १.६ ची भिंत आत दबते. १०.२ चे भोक पाडून सळई १२ मि.मी. आत घाला आणि बाहेरून सर्व बाजूंनी सी.ओ.टू. वेल्ड करा. तीन-तीन हुकांच्या दोन ओळी करा, ओळींत ४५ मि.मी. अंतर ठेवा आणि वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा ६० अंशांनी फिरवा. उघड्या टोकाने रेनकोटाचा खांदा फाटतो, म्हणून टोकाला १२ मि.मी. लांबीचे आटे पाडून ३२ मि.मी.चा बेकेलाइट बॉल नॉब बसवा. यंत्राच्या हँडलला लागतो तोच, तयार मिळतो.

सळई वाकवल्यावर थोडी मागे येते. किती, ते त्याच लॉटच्या दोन तुकड्यांवर बघून जिगचा (तुकडा ठरलेल्या जागी पकडणाऱ्या साच्याचा) कोन तेवढा जास्त ठेवा. लॉट बदलला की पुन्हा बघा. वेल्डिंगच्या जिगमध्ये मधली पिन आणि १२० अंशांवरचे तीन खाचांचे टेकू असले म्हणजे पुरे.

६. नमुने या क्रमाने करा

पहिला नमुना प्लायवूडचा तळ आणि पी.व्ही.सी. पाइपचा, फक्त उंची आणि हुकांची पोहोच बघायला. घरातल्या सर्वात कमी उंचीच्या माणसाला वरच्या हुकावरून ओले हेल्मेट काढता आले पाहिजे.

दुसरा खऱ्या पाइपचा, पण तळाला १० मि.मी.ची लेझरने कापलेली ३६० ची लोखंडी प्लेट. ती ८ किलो भरते, म्हणजे बिडाच्या जवळपास. एका नगासाठी पॅटर्न करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. सांधे, कल, डुगडुग सगळे इथेच तपासा. काही बदलायचे तर आत्ताच. पॅटर्न झाल्यावर प्रत्येक बदलाचे पैसे मोजावे लागतात.

तिसरा नमुना ओतीव तळाचा. नग थोडे असतील तर लेझरच्या प्लेटवरच थांबा. संख्या वाढली की कोल्हापुरात बिडाला तोड नाही, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या अगदी जवळ आहेत. मात्र वाहनांचे सुटे भाग हजारोंनी ओतणाऱ्या फौंड्रीत तुमचे वीस तळ मागे पडत राहतील. वजने, झाकणे, काउंटरवेट असले काम करणारी छोटी फौंड्री शोधा.

७. पॅटर्न आणि ओतकाम

बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून ३६० साठी पॅटर्न ३६४ चा. उभ्या बाजूंना २ अंशांचा उतार, वरच्या कडेला ३ मि.मी. गोलाई. नमुन्यांना लाकडी पॅटर्न चालतो, शेकड्याने काढायचे तर ॲल्युमिनियमची मॅच प्लेट (पाटीवर पक्का बसवलेला पॅटर्न) करा.

मधला बॉस ६० मि.मी. व्यासाचा, तळापासून एकूण ३० मि.मी. जाड. हा भाग भरीव ठेवला तर भोवतालच्या १२ मि.मी. जाडीपेक्षा तो उशिरा थंड होतो आणि आत पोकळ्या राहतात. त्या दिसतात भोक पाडताना, म्हणजे ओतकामाचे पैसे देऊन झाल्यावर. त्यासाठी पॅटर्नमध्येच खालून ३२ व्यासाचा, १६ मि.मी. खोल खड्डा ठेवा. जाडी १४ वर येते आणि बोल्टचे डोकेही त्यातच लपते.

ड्रॉइंगवर तयार माप आणि ओतीव माप वेगळे लिहा. बॉसच्या तोंडाला २ ते ३ मि.मी. मशिनिंगसाठी जादा. बिडाची ग्रेड एफजी २०० पुरेशी आहे. लेथवर तळ खालच्या बाजूने तीन टेकूंवर बसवा आणि बॉसचे फेसिंग व ११ चे भोक एकाच पकडीत करा. काम उलटवून पुन्हा पकडले की वर सांगितलेला कल परत आलाच.

८. पावडर कोटिंग

पावडर मारण्याआधी पाइप धुण्याच्या रसायनाच्या टाक्यांत जाताना बुचांची भोके उघडी असली पाहिजेत. आटे झाकायची सिलिकॉनची बुचे आधीच लावली तर पाइपात रसायन अडकते आणि भट्टीत गरम झाल्यावर सांध्यातून ओघळ काढते. टाक्या झाल्या, पाइप सुकले की मगच सिलिकॉनची बुचे लावा. सांध्यांची तोंडेही झाका. तिथे ६० ते ८० मायक्रॉन पावडर एका बाजूला जास्त बसली तर फेसिंगचे काम वाया जाते.

बिडाचा तळ शॉट ब्लास्ट करून (बारीक छर्‍यांच्या माऱ्याने साफ करून) आधी रिकामाच भट्टीत घाला, पावडर पिकते त्या १८० ते २०० अंशांपेक्षा थोड्या जास्त तापमानाला. बिडाच्या छिद्रांतली हवा आणि ओल तेव्हाच निघून जाते. नाहीतर ती पावडरीतून फुटते आणि तळावर टाचणीएवढी भोके दिसतात. पावसाळ्यात रेनकोटाचे पाणी नेमके तिथेच साचते आणि गंज तिथूनच धरतो.

९. पहिले दहा नग

शंभर लावण्याआधी दहा काढा. प्रत्येकाच्या शेंड्यावरून ओळंबा सोडा, कल ५ मि.मी. पेक्षा जास्त निघाला तर सांधा शोधून काढा. दोन नगांच्या एका हुकावर १० किलोची वाळूची पिशवी २४ तास टांगा. काढल्यावर टोक २ मि.मी. पेक्षा जास्त खाली राहिले तर वेल्ड किंवा सळई तपासा. शेंड्याला ताणकाटा अडकवून आडवे ओढा आणि कितीला एक बाजू उचलते ते लिहून ठेवा. रंगावर ब्लेडने बारीक चौकटी पाडून चिकटपट्टी लावून ओढा, पापुद्रा आला तर टाकीचे काम नीट झालेले नाही.

शेवटी खोके. साधारण ९०० × ४५० × १७० मि.मी. मध्ये सगळे बसते. तळ आणि डोके यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाड भिंत द्या आणि तळाच्या कडेला फोमची पट्टी. भरलेले खोके ६० सें.मी. वरून एका कोपऱ्यावर टाकून बघा. ९ किलोचा बिडाचा तळ साधा तीन-पदरी पुठ्ठा फाडून बाहेर येतो, पाच-पदरी घ्या.