प्लम पाय आणि जमाखर्च: जुन्या इंग्लंडचा अभ्यास सुरू करताना

मराठीत एम.ए. करताना ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासाला होतं. 1616 साली गोव्यात राचोलला छापलेलं, ओवीबद्ध, आणि लिहिणारा चक्क इंग्रज. आमच्या वर्गात चर्चा व्हायची ती ओवीची आणि भाषेची. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न घोळत राहिला. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला हा थॉमस स्टीफन्स घर सोडून इतक्या लांब आला तरी कशासाठी?

उत्तर शोधत गेले आणि तिथेच माझी वाट बदलली. 1559च्या कायद्याने रविवारी राणी एलिझाबेथच्या नव्या प्रोटेस्टंट चर्चला न जाणाऱ्याला 12 पेन्स दंड होता, म्हणजे साध्या मजुराची दीडेक दिवसाची मजुरी. 1581मध्ये तोच दंड महिन्याला 20 पौंडांवर गेला. स्टीफन्स जुन्या कॅथलिक धर्माला धरून राहिलेला. त्याच्यासोबत रोमला निघालेला मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटला, रोममध्ये जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक संघाचा सदस्य) झाला आणि 1579च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. नोव्हेंबरात त्याने वडिलांना लिहिलेलं प्रवासाचं पत्र आजही वाचायला मिळतं. त्या पत्रात वारे, मासे, पक्षी, खलाशांचे आजार असं बरंच काही आहे. घर सुटल्याचं दुःख मी त्यात पुन्हा पुन्हा शोधलं. ते नाही असं मला वाटलं, आणि माझी पहिली चूक झाली ती इथेच.

गेली बारा वर्षं मी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या साध्या इंग्रज माणसांच्या भावना, कामधंदा आणि धर्मबदल यांचा अभ्यास करते आहे. या वाटेला नव्याने येणारे विद्यार्थी विचारतात की सुरुवात कुठून करायची. म्हणून हे लिहिते आहे.

आधी अक्षर शिका, सिद्धांत नंतर. त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षराला ‘सेक्रेटरी हँड’ म्हणतात. त्यात ‘सी’ हा ‘आर’सारखा दिसतो, ‘एच’ ओळीच्या खाली शेपूट सोडतो, ‘ई’ उलटा वळतो आणि लांबुडका ‘एस’ हमखास ‘एफ’ वाटतो. ज्यांच्या घरी मोडीची दप्तरं आहेत त्यांना या त्रासाची कल्पना असेल. माझे आजोबा मोडी वाचायचे. ते म्हणायचे, अक्षर वाचू नकोस, लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला ते बघ. हा सल्ला मला लंडनच्या अभिलेखागारात जितका कामी आला तितका दुसरा कुठलाच आला नाही. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर हे हस्ताक्षर शिकवणारा पाठ फुकट आहे. रोज अर्धा तास, तीन महिने, हातात पेन्सिल घेऊन. नुसतं बघून येत नाही, गिरवावं लागतं.

मग कालगणना. तिथे 1752पर्यंत कायद्याच्या हिशेबात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. मला हे माहीत होतं, तरीही मी फसले. एका नोंदवहीत एका बाळाचा बाप्तिस्मा एप्रिल 1641 आणि दफन फेब्रुवारी 1641 असं सापडलं. बाप्तिस्म्याआधीच मूल गेलं, आईबापांना त्याच्या आत्म्याची केवढी धास्ती वाटली असेल, असं म्हणून मी आठ पानं लिहिली. ते फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1642चं होतं. बाळ दहा महिने जगलं होतं. आठही पानं गेली. पानांपेक्षा जास्त लागलं ते हे की त्या बाळाचे दहा महिने मी माझ्या लिखाणात पुसून टाकले होते. तेव्हापासून प्रत्येक तारखेपुढे मी दोन्ही वर्षं लिहिते.

पैशाचं गणित आपल्याला जड जाऊ नये. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. घरात रुपये-आणे-पै ऐकलेलं असेल तर दोन दिवसांत जमतं.

शब्दांची गोष्ट निराळी आहे, तिथे थांबावंच लागतं. आज ज्याला आपण ‘इमोशन’ म्हणतो तो शब्द त्या काळी मुख्यतः खळबळ किंवा दंगा या अर्थाने यायचा. मनातल्या गोष्टीला ते ‘पॅशन’ म्हणत किंवा ‘अफेक्शन’ म्हणत. ‘सॅड’ माणूस म्हणजे दुःखी असेलच असं नाही, गंभीर आणि भारदस्त असाही अर्थ होई. ‘केअरफुल’ म्हणजे चिंतेने ग्रासलेला. आणि ‘कॉलिंग’ हा शब्द तर सगळ्या विषयाची नाडी आहे. विल्यम पर्किन्स नावाच्या केंब्रिजच्या धर्मोपदेशकाने मांडलं होतं की प्रत्येकाला देवाचं बोलावणं दोन प्रकारचं असतं. एक ख्रिस्ती म्हणून, सगळ्यांना सारखं. दुसरं आपापल्या कामाचं. मेंढपाळाने मेंढ्या राखणं हे देवाच्या लेखी न्यायाधीशाच्या निवाड्याइतकंच चांगलं काम, असं तो सांगतो. आपल्याकडच्या मुलांना हे वाचून लगेच आपले संत आठवतात. मलाही आठवले. ओढ खरी आहे, ती दाबू नका, पण त्यावर प्रबंध उभा करू नका. पर्किन्सच्या मेंढपाळाला आपलं तारण, म्हणजे मरणानंतरची मुक्ती, देवाने आधीच ठरवलेलं आहे की नाही ही धाकधूक रात्रंदिवस असते. ती धाकधूक ओळखता आली तरच त्याचं काम कळतं.

ती धाकधूक जवळून बघायची असेल तर नेहेमाया वॉलिंग्टनकडे जा. हा लंडनच्या ईस्टचीपमधला कातारी. लाकूड कातून वाट्या, स्टुलं असल्या वस्तू करायचा. जन्म 1598, मृत्यू 1658. कट्टर प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या उरल्यासुरल्या कॅथलिक रूढीही नकोत म्हणणारा कडवा प्रोटेस्टंट. दुकान सांभाळून त्याने पन्नास वह्या लिहिल्या आणि त्यातल्या सात आज शिल्लक आहेत. आपल्या चुकांच्या याद्या करायचा, स्वतःला नियम घालून घ्यायचा आणि मोडला तर गरिबांच्या पेटीत दंड टाकायचा. पहाटे उठून लिहीत बसायचा, आणि मग दुकानाचं काम राहतं म्हणून अपराधी वाटून घ्यायचा.

1625च्या प्लेगमध्ये त्याची मुलगी एलिझाबेथ गेली. तिला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. तो लिहितो की रात्री आठच्या सुमारास त्याची बायको ग्रेस स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पोरगी आनंदात होती. ती आईजवळ गेली आणि बापाची नक्कल करत म्हणाली, इथे काय करतेस गं, बायको? मग अंथरुणात पडल्यावर बापाला म्हणाली, बाबा, मी उद्या बाहेर जाणार आणि तुमच्यासाठी प्लम पाय आणणार. वॉलिंग्टन लिहितो, माझ्या लेकीचे मी ऐकलेले हे शेवटचे शब्द.

एकेकाळी काही इतिहासकार असं मांडत की त्या काळी मुलं इतकी मरत की आईबाप त्यांच्यात जीव गुंतवतच नसत. भांड्यांच्या आवाजात बोललेलं ते एक वाक्य पुढ्यात ठेवा आणि मग ते मत पुन्हा वाचा.

पण इथे थांबलात तर अर्धंच हाती लागेल. वॉलिंग्टन पुढे लिहितो की दुःखाच्या भरात देवाशी केलेले सगळे करार त्याच्या हातून मोडले. म्हणजे दुःख हाच गुन्हा. ग्रेस त्याला समजावते की या मुलीसाठी एवढा शोक करून तुम्ही देवाला दुखवताय. देवाने दिली तशीच मी ती मोकळ्या मनाने परत दिली आहे, असं ती म्हणते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रेस मला दगडाची वाटली. तीन वर्षांनी लक्षात आलं की घर चालवायचं, उरलेलं मूल वाढवायचं आणि नवऱ्याला दुकानात परत बसवायचं ही जबाबदारी तिच्यावर होती, आणि हा विचार हाच तिच्या हातातला आधार होता. या दोघांच्या पाच मुलांपैकी मोठी झाली ती एकटी सारा.

नवख्या अभ्यासकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते. भावना शोधायला भावनांचे शब्द असलेली पानं चाळू नका, स्टीफन्सच्या पत्रात मी तीच चूक केली होती. अमुक साली कोण काय करत होतं, हात कशात गुंतले होते, ते आधी बघा. भावना, काम आणि श्रद्धा यांची तीन वेगळी प्रकरणं पाडायचा मोह प्रत्येकाला होतो, मार्गदर्शकही कधीकधी तसंच सुचवतात. माझ्याकडूनही तशी पाडून घेतली होती आणि प्रबंध निर्जीव झाला होता. वॉलिंग्टनच्या वहीत या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत येतात.

काही ठिकाणी तर भावनेचा एक शब्द नसतो आणि तरी पान भिजलेलं असतं. डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं चिमुकलं खेडं आहे. तिथला पाद्री क्रिस्टोफर ट्रिकी 1520 ते 1574 असा अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्या एकाच गावात राहिला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, चार राजवटी आल्या आणि प्रत्येकीने धर्म फिरवला. ट्रिकी गावाचा जमाखर्च लिहायचा. तिथे संतांच्या नावाने मेंढ्या असत, गावकरी आपापल्या कळपात त्या सांभाळत, आणि लोकर विकून मूर्तींपुढच्या दिव्यांचा खर्च निघे. गावातल्या अविवाहित मुलींचाही निधी होता. मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकीने जवळजवळ वीस वर्षं पैसे साठवले. वस्त्रं मिळाली 1547 साली. दोनच वर्षांत नवा प्रार्थनाग्रंथ आला आणि तो विधीच गेला. मेंढ्या गेल्या, दिवे गेले, मुलींचा निधी बंद पडला. या नव्या प्रार्थनाग्रंथाविरुद्ध झालेल्या 1549च्या बंडात गावाने पाच जणांना एक्सेटरबाहेरच्या छावणीत पाठवलं, त्याचाही खर्च वहीत टिपलेला आहे. मेरीने कॅथलिक धर्म परत आणला तेव्हा लोकांनी घरात जपून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू परत आणून दिल्या. हे सगळं आकड्यांत आणि त्रोटक वाक्यांत. ज्याच्या घरी दुकान आहे, ज्याने रोजकीर्द बघितली आहे, त्याला अशा पानावर हात कुठे अडखळला ते कळतं. आपल्या घरातलं हे ज्ञान कमी लेखू नका.

धर्मबदलाचा कामाशी थेट संबंध बघायचा असेल तर आठव्या हेन्रीच्या काळातला 1536चा आदेश काढून वाचा. 1 जुलै ते 29 सप्टेंबर या सुगीच्या दिवसांतले बहुतेक सण रद्द झाले, कारण सुट्ट्यांमुळे आळस वाढतो आणि पीक शेतात सडतं. एका फटक्यात संतांचे दिवस गेले आणि कामाचे दिवस वाढले. कुणाला बरं वाटलं, कुणाला आपला राखणदार गेला असं वाटलं, हा प्रबंधाचा उत्तम विषय आहे.

आता व्यवहाराचं. इंग्लंडला जायला पैसे नाहीत म्हणून विषय सोडू नका. रिचर्ड नेपियर नावाचा पाद्री-वैद्य-ज्योतिषी होता. त्याच्याकडे मन बिघडलं म्हणून 2000हून अधिक माणसं आली. त्याच्या आणि सायमन फोरमन या दुसऱ्या ज्योतिषी-वैद्याच्या मिळून सुमारे 80,000 नोंदी केंब्रिजच्या प्रकल्पाने इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. त्यात ‘मोपिश’ हा शब्द शोधा. काम टाकून गप्प, शून्यात बघत बसणाऱ्या साध्या माणसांसाठी तो येतो. सरदार-जमीनदारांच्या तशाच दुःखाला ‘मेलँकली’ हे मोठं नाव मिळे. एसेक्समधल्या अर्ल्स कोन गावच्या राल्फ जोसलिन या पाद्र्याची रोजनिशीही घरबसल्या वाचता येते. तो शेतीही करायचा, त्यामुळे पाऊस, गहू, मुलांचे ताप आणि देवाची मर्जी एकाच पानावर येतात. भारतातल्या विद्यापीठात पीएच.डी. करत असाल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टच्या अल्पमुदतीच्या मदतीची माहिती काढा. जाण्याआधी कुठली वही, कुठली पानं हे ठरवून जा. तिथे गेल्यावर शोधू म्हटलं की दिवस हातातून जातात.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. आपल्याकडे या विषयाची म्हणून जागा निघत नाही. इंग्रजी किंवा इतिहास विभागात शिकवायचं आणि हा अभ्यास स्वतःच्या वेळात करायचा. मी तेच करते. अभिलेखागार, अनुवाद, संपादन या वाटा आहेत, आणि जुनं हस्ताक्षर वाचणाऱ्याला तिथे किंमत आहे.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही पानं अंगावर येतात. वॉलिंग्टनने तरुणपणी निराशेच्या भरात अनेकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, तेही तो सविस्तर लिहितो. माझी आई गेली त्या वर्षी मी त्या वह्या बंद करून ठेवल्या आणि सहा महिने नुसत्या मेंढ्यांचे हिशेब वाचले. तसं करायला हरकत नाही. एकट्याने वाचू नका. आम्ही चौघी दर बुधवारी रात्री साडेनऊला ऑनलाइन बसतो आणि एकच पान घेतो. कधी दोन ओळी होतात, कधी एकच. सध्या एका शब्दावर तीन आठवडे अडलो आहोत. पहिलं अक्षर एकीला ‘सी’ वाटतं, बाकीच्यांना ‘आर’.