गाडी रात्री गेटबाहेर लावता? ग्लोव्ह बॉक्स उघडा ठेवा

जळगाव-धुळ्याकडे कॉलनीत गाडी गेटबाहेरच असते, आणि उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला गेले की गल्लीत चिटपाखरू नसतं. भुरटे चोर टॉर्च मारून आत काय दिसतं तेच बघतात, म्हणून दिसायलाच काही ठेवायचं नाही.

१. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून उघडाच ठेवा. आतला लाईट चालू राहत नाही ना ते बघा, नाहीतर सकाळी बॅटरी डाऊन.
२. चार्जर, चिल्लर, गॉगल काढा, रिकामी पिशवीसुद्धा, कारण ती रिकामी आहे हे त्याला काच फोडल्यावरच कळणार.
३. आरसी, लायसन डिजिलॉकरला ठेवा, चेकिंगला ते चालतं. ओरिजिनल घरी.
४. रिमोट दाबला तरी हँडल ओढून बघा.

आणि मे महिन्यात गाडी तापते म्हणून काच दोन बोटं खाली ठेवायची आपली सवय, ती रात्री तरी सोडा, तेवढ्या फटीतून तार आत जाते.

तरी काच फोडलीच तर कशालाही हात न लावता आधी फोटो काढा, मग ११२ लावा. फुल इन्शुरन्स असेल तर काचेचा क्लेम होतो, पण आत ठेवलेल्या लॅपटॉपचे पैसे सहसा मिळत नाहीत.