ब्रोमो-इजेनला स्वस्तात जाताय? या चुका टाळा

मुंबईत जुलैत रुळांवर पाणी साचतं, तेव्हा इंडोनेशियाच्या पूर्व जावात कोरडा ऋतू असतो. साधारण मे ते ऑक्टोबर. त्यामुळे पावसाळ्यात सुट्टी काढणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकर ग्रुपांना ब्रोमो आणि इजेन हे दोन जागृत ज्वालामुखी सोयीचे पडतात. अडचण अशी की स्वस्तात जाणारे बरेच जण नको तिथे पैसे वाचवतात. खोली आणि जेवणात काटकसर खुशाल करा. मोकळा दिवस, मास्क आणि विमा यांना मात्र कात्री लावू नका.

सातवा मित्र महाग पडतो

ब्रोमोच्या जीपमध्ये पाच, फार तर सहा जण बसतात. सात झालात की दुसरी जीप आली. व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा जण ‘मी येतो’ म्हणतील, त्यांतले पासपोर्टचा फोटो पाठवणारे तेवढेच खरे. पासपोर्ट पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. तिथे पोहोचल्यावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसाची 5 लाख इंडोनेशियन रुपिया फी माणशी धरा. बजेटमधून नेमकी हीच रक्कम सुटते.

जीप टाळायची असेल तर ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावात राहा. तिथून वाळूचं मैदान पायी ओलांडून ब्रोमोच्या तोंडापर्यंत जाता येतं. मात्र शनिवार-रविवार गाठू नका. तिकीट जास्त आणि गर्दी दादरच्या पुलावरची.

प्रोबोलिंगोत लवकर उतरू नका

सुराबाया शहराहून प्रोबोलिंगोला, म्हणजे ब्रोमोखालच्या शहराला, बसने येताना वाटेतच एखाद्या एजंटच्या ऑफिससमोर ‘टर्मिनल आलं’ म्हणून पर्यटकांना उतरवतात. ही जुनी चाल आहे. फोनवर नकाशा उघडा ठेवा आणि बायुआंगा टर्मिनल येईपर्यंत जागेवरून हलू नका. त्यापेक्षा सुराबाया-प्रोबोलिंगो रेल्वे बरी, ही डोकेदुखीच नाही. पुढची चेमोरो लावांगला जाणारी मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून दुपारच्या आत पोहोचा. उशीर झालाच तर उरलेल्या सीटांचे पैसे आपसात वाटून गाडी सोडायला लावा. पाच जणांत ते हॉटेलच्या टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतं. रोकड खालीच काढून ठेवा.

लागोपाठ दोन रात्री जागरण

स्वस्त पॅकेजचा साचा ठरलेला: पहाटे तीनला ब्रोमोचा सूर्योदय, दिवसभर गाडीत, त्याच रात्री इजेनची चढाई. ज्यांनी हे केलंय त्यांच्या फोटोत सूर्योदय छान असतो, चेहरे बघू नका. मध्ये एक दिवस इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात झोपा. खोलीचं भाडं माणशी फार पडत नाही.

‘आम्ही सह्याद्रीतले’

सह्याद्रीही लाव्हाचाच. अंधेरीची गिल्बर्ट हिलही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टची. पण तो दगड केव्हाच थंड झालाय. हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला इजेनची पाल्तुडिंग या पायथ्याच्या तळापासून कड्यापर्यंतची साधारण 3 किलोमीटरची वाट जड जाणार नाही. धोका विवरात आहे. तिथे गंधकाचा वायू जळतो, त्याचीच ती निळी ज्वाला. शेजारच्या तळ्यातलं पाणी इतकं आम्लधर्मी की पीएच 1च्याही खाली जातो.

ओला रुमाल किंवा एन-95 या वायूपुढे पुरेसे नाहीत. एन-95 राख अडवतो, सल्फर डायऑक्साइड नाही. आम्लवायूसाठीचं काडतूस (फिल्टर कार्ट्रिज) असलेला मास्क लागतो. तो पायथ्याशी भाड्याने मिळतो, पण घ्यायच्या आधी लावून, हाताने छिद्रं झाकून श्वास ओढा. कडेने हवा आत आली तर दुसरा मागा. दाढीवाल्यांचा मास्क नीट बसत नाही, तेव्हा जाण्याआधी दाढी करा, फोटोची हौस नंतर. धूर अंगावर आला तर धावू नका. धावल्याने श्वास वाढतो आणि वायू जास्त आत जातो. मास्क लावून, पाठ फिरवून झोत सरकू द्या आणि वर निघा. दमा असणाऱ्याने विवरात उतरूच नये, ग्रुपने आग्रहही करू नये. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घाला. आणि खांद्यावर सत्तर-ऐंशी किलो गंधक घेऊन वर येणाऱ्या कामगाराला आधी वाट द्या, सेल्फी थांबेल.

‘गाईड म्हणाला चालतं’

इंडोनेशियात ज्वालामुखीच्या सावधगिरीच्या चार पातळ्या असतात आणि विवरापासून किती दूर राहायचं तेही सरकारी निरीक्षक जाहीर करतात. ‘माग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी स्वतः बघा. पश्चिम सुमात्रात मारापी ज्वालामुखी 3 डिसेंबर 2023ला उसळला, तेव्हा तो चारपैकी फक्त दुसऱ्या पातळीवर होता. विवरापासून 3 किलोमीटर दूर राहायची सूचनाही होती. तरी माणसं वर होती आणि वीसहून अधिक जण जिवानिशी गेले. बंद असलेली वाट ‘मागच्या बाजूने’ दाखवणारा भेटला तर पैसे परत मागू नका, सरळ निघून या.

परतीचं गणित

मुंबई-क्वालालंपूर एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं तिकीट स्वस्त दिसतं. राखेमुळे एक विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. नोव्हेंबर 2024मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेने शेकडो किलोमीटरवरच्या बालीची विमानं रद्द झाली होती. म्हणून विमा तिकिटाबरोबरच काढा. उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात तो उद्रेक सहसा धरत नाहीत. बालीहून परतणार असाल तर घड्याळही बघा: जावाच्या केतापांग बंदरातून फेरीबोटीने बाली गाठलं की वेळ एक तासाने पुढे जाते.

थंडीसाठी नवी खरेदी नको. पहाटे ब्रोमोवर बोटं आखडतात, पण जॅकेट एखाद्या हिमालय करून आलेल्या चुलतभावाकडून मागा आणि विमानात अंगावरच घाला. स्वस्त विमानांत केबिनसाठी अनेकदा 7 किलोचीच मुभा असते. शाकाहारी मंडळींनी टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफूवर निर्धास्त राहावं, फक्त सांबाल चटणीत बहुधा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते. ती वेगळी ठेवायला सांगा आणि बरोबर मेतकूट असू द्या. भात सगळीकडे मिळतो.